सॅफ चॅम्पियनशिप, बेंगलोर २०२३ : तीन दिवस, एक मामा, साडेतीन स्टार

आधीच सांगून टाकतो, तीन दिवसांची तिकिटं काढलेली आणि तिन्ही वसूल झाली. ज्याला एवढंच पाहिजे होतं त्यानं इथंच थांबलं तरी चालतंय. बाकीच्यांसाठी पुढं लांबण आहे.

झालं काय की परवा ऑफिसात एका ज्युनियर पोरानं विचारलं, सर इंडियाची फुटबॉल मॅच स्टेडियममध्ये जाऊन बघण्यात काय अर्थ आहे का, की गप घरी बसून युरोपातल्या मॅचेस बघू. मी कोल्हापूरचा, नोकरीपायी बारा वर्षं बेंगलोरात, असला प्रश्न कानावर पडला की चहा थंड होतो माझा. त्याला तिथं उभ्या उभ्या जेवढं सांगितलं ते कमी पडलं म्हणून हा रिव्ह्यू. स्पर्धा जुनी झाली, निकाल सगळ्यांना माहिती आहे, पण तिकीट काढून आत बसणाऱ्याला नेमकं काय मिळतं हे कुणी लिहीत नाही, सगळे नुसता स्कोअर लिहितात.

तर सॅफ म्हणजे आपल्या दक्षिण आशियातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा. १९९३ ला लाहोरला सुरू झाली, तेव्हा नाव सार्क गोल्ड कप होतं. १९९९ ला गोव्यात पण झालेली, मडगावला, आणि ती आपणच जिंकलेली. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा आपणच जिंकतो, आणि तीच या मालाची खोट आहे. गल्लीत सगळ्यात दांडगं पोरगं आपलंच असलं की मारामारीत मजा ती काय. मधेमधे मालदीवनं दोनदा, श्रीलंका आणि बांगलादेशनं एकेकदा कप नेला, २०१३ ला काठमांडूत अफगाणिस्ताननं फायनलला आपल्याला २-० नं धुतलं, तेवढीच काय ती चव. पुढं अफगाणिस्तान मध्य आशियावाल्यांच्या पंगतीला जाऊन बसला, २०२३ ला श्रीलंकेवर फिफाची बंदी होती, मग पानं भरायला पाहुणे बोलावले, कुवेत आणि लेबनॉन. आणि माझं स्पष्ट मत आहे की या पाहुण्यांनीच स्पर्धा वाचवली. ते नसते तर मी दोन स्टारच्या वर गेलो नसतो.

तिकिटांचं आधी सांगतो कारण तिथंच माझं डोकं फिरलेलं. ॲपवर पैसे कटले, तिकीट काय येईना. पुन्हा ट्राय केलं तर पुन्हा कटले. कस्टमर केअरला चॅट उघडली तर तो बॉट मलाच विचारतोय तुमचा अनुभव कसा होता. अरे बाबा अनुभव अजून सुरूच नाही झाला. दुसऱ्या दिवशी दोन्ही तिकिटं एकदमच आली, म्हणजे एकाच मॅचची दोन, आणि दोघांच्या सीटमध्ये अख्खा एक ब्लॉक. ॲपचं नाव घेत नाही, पण तिकिटाला पाच पैकी एक स्टार, तो पण पैसे परत मागायला जावं लागलं नाही म्हणून, कारण जादाच्या तिकिटावर बायको आली. आणि ती जी पहिल्या मॅचला आली ती मग तिन्ही दिवस आली, हा ॲपचा एक फायदाच म्हणायचा.

आता स्टेडियम. श्री कंठीरवा, कब्बन पार्कला लागून, मेट्रोनं उतरायचं आणि झाडांखालनं चालत जायचं, बेंगलोरच्या ट्रॅफिकमध्ये एवढं सुख कशातच नाही. पण हे मैदान मूळचं ॲथलेटिक्सचं, म्हणजे स्टँड आणि फुटबॉलच्या मैदानाच्या मधून आठ लेनचा पळायचा ट्रॅक जातो. शाहू स्टेडियमवर वाढलेल्या माणसाला हे जड जातं हो. तिकडं कोल्हापुरात सिमेंटच्या पायरीवर बसून लाईनवरच्या विंगरला नाव घेऊन शिव्या घालता येतात आणि तो मागं वळून बघतो पण. इथं शिवी ट्रॅकच्या तिसऱ्या लेनपर्यंत पोचून खाली पडते. गोलच्या मागच्या स्टँडात बसलात तर समोरच्या टोकाचा गोल तुम्हाला आधी लोकांच्या आवाजावरून कळतो, मग दिसतो. त्यामुळं टीप घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी बाजूच्या स्टँडचं, मधल्या रेषेच्या आसपासचं, आणि जितकं वर मिळेल तितकं वरचं तिकीट काढा. खाली पुढं बसलं की जवळनं दिसतं हा गैरसमज आहे. खालनं नुसत्या पोटऱ्या दिसतात.

पहिली मॅच पाकिस्तानची, २१ जून, बुधवार. मॉरिशसहून यायचं होतं त्यांना, व्हिसाचा घोळ झाला आणि टीम मॅचच्या दिवशीच बेंगलोरात पोचली. पाय मोकळे करायला सुद्धा वेळ नाही. वरून पाऊस. गेटबाहेर एका पोराकडनं निळी जर्सी घेतलेली, भाव पाडून घेतली म्हणून मी खुश होतो, हाफटाइमपर्यंत तिचा रंग उतरून आतली बनियन निळी झाली, घरी गेल्यावर बघतो तर छाती पण निळी, दोन दिवस अंघोळीला बसलं की बायको हसायची. दहाव्या मिनिटालाच त्यांच्या गोलकीपरकडं बॅकपास आला, त्याच्या पायातनं बॉल निसटला, आणि सुनील छेत्री तिथं उभाच. तो असल्या ठिकाणी कायम उभाच असतो, उधारीवाल्यासारखा. छेत्रीचे तीन, त्यातले दोन पेनल्टीवर, शेवटचा उदांताचा, ४-०. स्कोअर बघून वाटेल काय मॅच झाली असेल. नाही झाली. एकतर्फी होती. खरी करमणूक आपल्या कोचनं केली. हाफटाइम जवळ आलेला, पाकिस्तानचा प्लेअर थ्रो-इन घ्यायला उभा, तर आमचे इगोर स्टिमॅच साहेब लाईनवर आले आणि त्याच्या हातातला बॉलच उडवला. दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर, स्टिमॅचना रेड कार्ड. माझ्या शेजारच्या कन्नड काकांनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्यांना मराठी कळतं की नाही हे न बघता मी पण त्यांना मराठीतच म्हटलं, "ह्यो काय पेठेतला मॅनेजर आहे काय?" ते मान हलवून हो म्हणाले.

तर त्या रेड कार्डामुळं आपलं भलं झालं, ते पुढं सांगतो.

सेमीफायनलला कोल्हापूरहून मामा आले. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, तरुणपणी एका तालमीकडनं बॅकला खेळलेले. उजवा गुडघा गेल्यावर बूट सुटले पण शाहू स्टेडियमची पायरी नाही सुटली. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, कोल्हापुरात फुटबॉल टीम या पेठेच्या आणि तालमीच्या असतात, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी मंडळ, आणि मॅच हरली की पेठेत दोन दिवस कुणी नीट बोलत नाही. अशा माणसाला मी राष्ट्रीय टीम दाखवायला घेऊन चाललेलो, म्हणजे जबाबदारी किती बघा.

१ जुलैला शनिवार होता, दुपारी साडेतीनला कुवेत-बांगलादेश आणि साडेसातला आपली लेबनॉनबरोबर. आणि इथं मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो, असल्या स्पर्धेत दुपारची दुसऱ्यांची मॅच चुकवू नका. या अख्ख्या स्पर्धेतली सगळ्यात भारी गोष्ट तीच होती. स्टँड जवळजवळ रिकामे, आपली माणसं अजून घरात जेवून लोळत पडलेली, आणि त्या शांततेत मैदानावरचं सगळं ऐकू येतं. बुटाचा बॉलला लागलेला आवाज, लांब पासचा वेगळा, टॅकलचा वेगळा. बांगलादेशचा गोलकीपर झिको, अनिसुर रहमान, बंगालीत ओरडतोय, कुवेतवाले अरबीत ओरडतायत, आणि मामा मधनंच "सोड! सोड! आता सोड!" सुरुवातीच्या मिनिटांतच बांगलादेशचं मोरसालिन नावाचं कोवळं पोरगं एकदम मोकळं सापडलं, समोर नुसता गोलकीपर, आणि त्यानं घालवलं. मामांनी मांडीवर थाप मारली. "घाई केली लेकानं. येक टच जादा घ्याचा हुता." पुढं शंभर मिनिटं त्या एका टचवर लेक्चर चाललं. तिकडं झिको एकामागनं एक अडवतोय, पुढं स्पर्धेतला बेस्ट गोलकीपर पण तोच ठरला. शेवटी एक्स्ट्रा टाइममध्ये १०७व्या मिनिटाला कुवेतनं एक घातला आणि बांगलादेश बाहेर. शिट्टी झाली तशी त्यांची पोरं जिथं होती तिथं मटकन खाली बसली. आमच्या स्टँडमधनं पाच-पंचवीस माणसं उठून टाळ्या वाजवत होती, मामा पण. बसून.

संध्याकाळपर्यंत स्टेडियम भरलं आणि मग काय ऐकायलाच नको. पश्चिमेचा स्टँड म्हणजे इथल्या बेंगलोर एफसी क्लबच्या फॅन लोकांचा घरचा ओटा, ब्लू पिलग्रिम्सवाले, म्हणजे इंडिया टीमचे फॅन, ते पण ड्रम घेऊन आलेले, नव्वद मिनिटं थांबत नाहीत हो ही पोरं, घसा कशाचा असतो काय माहिती. मॅच मात्र सावध झाली, ०-०, दोन्हीकडं भीती. पेनल्टीत त्यांच्या कॅप्टननं मारलेली पहिलीच किक आपला गोलकीपर गुरप्रीतनं अडवली, त्यांची आणखी एक वाया गेली, आपली शेवटची उदांतानं घातली. ४-२.

आता त्या रेड कार्डाचं. स्टिमॅच नेपाळच्या मॅचला बंदीमुळं बाहेर, मग आले ते कुवेतच्या ग्रुप मॅचला पुन्हा रेड कार्ड घेऊन बाहेर, आणि मग सेमी आणि फायनल दोन्हीला बंदी. मग लाईनवर कोण उभं? महेश गवळी. आपला गोव्याचा माणूस. डेम्पो क्लबकडनं आणि इंडियाकडनं कित्येक वर्षं डिफेन्सला खेळलेला, कधी आरडाओरडा नाही, नाटक नाही, हात बांधून शांत उभा. मामांनी त्याला बघितल्या बघितल्या ओळखलं आणि मग पुढचा अर्धा तास मॅच कमी आणि गवळीला जास्त बघत बसले. बॅकला खेळलेल्या माणसाला बॅकला खेळलेला माणूसच दिसतो. "बग, बॉल हिकडं हाय, आन ह्येची नजर तिकडं, मोकळ्या मानसावर," असं म्हणत मला दाखवत होते. आणि खरंच होतं ते, टीव्हीवर कधीच दिसलं नसतं, कॅमेरा बॉलच्या मागं. हे एक कारण त्या ज्युनियर पोराला मी सांगितलं. घरी तुम्हाला दुसरा कुणीतरी निवडून दाखवतो, इथं तुम्हाला पाहिजे त्याच्याकडं बघा.

फायनल ४ जुलै, मंगळवार. मी हाफ डे टाकली, मॅनेजरला सांगितलं मामा आलेत, जे खोटं नव्हतं. पंचवीस हजारांच्या वर पब्लिक. चौदाव्या मिनिटालाच कुवेतचा अल खाल्दी, ०-१, आणि मघाशी सांगितलं तसं पाहुणे होते म्हणूनच ही मॅच झाली, कारण आपल्या घरात मागं पडून खेळायची पाळी सॅफमध्ये आपल्यावर येतेच किती वेळा. कुवेतवाले अंगानं दांडगे, टॅकलला घाबरत नाहीत, आणि रेफ्रीशी भांडायला पण नाही घाबरत. मग ३८व्या मिनिटाला तो गोल झाला जो मी अजून मोबाईलवर बघतो. छेत्रीनं बॉल सहल अब्दुल समदकडं सरकवला, सहलनं गोलसमोर आडवा दिला आणि छांगटेनं नुसता पाय लावला. तीन टचात काम. मामा म्हणाले, "ह्येला म्हनत्यात फुटबॉल." बास, एवढंच. मामांकडनं एवढं मिळणं म्हणजे पाच स्टार.

पुढचं नव्वद मिनिटांपर्यंत आणि एक्स्ट्रा टाइम मी वगळतो, कारण दोन्ही टीम दमलेल्या आणि व्हीएआर, म्हणजे रेफ्रीला व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नसल्यामुळं प्रत्येक शिट्टीवर आमच्या स्टँडमधले पंचवीस हजार रेफ्री उठून उभे. १-१. पेनल्टी.

पेनल्टीला सगळं स्टेडियम उभं राहिलं. मामांना गुडघ्यामुळं सारखं उठ-बस जमत नाही, ते बसूनच राहिले, समोर नुसत्या पाठी. मग माझी कॉमेंट्री. छेत्री, घातला. कुवेतची पहिली, वर बारला लागली मामा, बारला! झिंगन, घातला. छांगटे, घातला. मग उदांता आला, आमच्या बेंगलोर एफसीकडनं खेळलेलं पोरगं, हे त्याचं घरचं मैदान, सेमीत आपली शेवटची किक त्यानंच घातलेली. मी काही बोलायच्या आधी स्टेडियम एकदम गप झालं. पाठींच्या मागनं खालनं आवाज आला, "गेली न्हवं वरनं?" मी म्हटलं तुम्हाला कसं कळलं. "ऐकू आलं की." पुढं ४-४, आणि सडन डेथ, म्हणजे आता एकाची गेली आणि दुसऱ्यानं घातली की संपलं. महेश सिंगनं घातला. आता कुवेतचा कॅप्टन आला आणि मामा माझ्या पॅन्टच्या पट्ट्याला धरून उठले, अक्षरशः, पट्टा एक भोक पुढं सरकला. गुरप्रीत झेपावला, हाताला बॉल लागला, आणि त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही कारण अनोळखी माणसानं मला उचललेलं आणि बायकोचा चष्मा कुठंतरी पडलेला. चष्मा सापडला. थोडा वेळ गेल्यावर सगळं स्टेडियम एका सुरात वंदे मातरम म्हणायला लागलं, त्याचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील, व्हिडिओत त्यातला दहावा भाग पण येत नाही. आवाज कानानं नाही, खुर्चीतनं येत होता.

बक्षीस समारंभाला जॅक्सन सिंग अंगावर सात रंगांचा झेंडा घेऊन आला. आमच्या आसपास कुणाला कळेना हा कुठला. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं सांगितलं मणिपूरचा आहे. त्या वेळी मणिपूर दोन महिने जळत होतं. उदांता, महेश, सुरेश, जॅक्सन, आपली निम्मी मधली फळी तिकडची, आणि घरची अशी अवस्था असताना ही पोरं इथं पेनल्ट्या मारत होती. नंतर त्यावरून बराच वाद झाला. त्या क्षणी आमच्या स्टँडमध्ये वाद नव्हता, थोडं अवघडल्यासारखं झालं एवढं खरं.

खाण्याचं राहिलं. आतल्या एका स्टॉलवर समोसा मिळाला जो बहुतेक मागच्या सॅफचा असावा, आणि सुट्टे नाहीत म्हणून त्याच्याबरोबर चिप्सचं पाकीट गळ्यात मारलं. आत खाऊच नका. बाहेर गाडीवर चुरमुरी मिळते, ओली गाजर-कांदा-लिंबू मारलेली, कागदाच्या पुडीत, ती खाऊन आत जा. मामांनी पहिली पुडी बघून "भडंगाला पानी लागलंय" म्हणून नाक मुरडलं आणि मग दोन पुड्या खाल्ल्या. फिल्टर कॉफी पण आधीच पिऊन घ्या. मॅच संपल्यावर मेट्रोला हीऽऽ गर्दी असते, फायनलला पेनल्टी लांबली तर मन घड्याळाकडंच राहतं, त्यामुळं परतीचं तिकीट आधीच फोनवर काढून ठेवा, रांगेत उभं राहायला लागत नाही.

आता अर्धी जनता म्हणेल की एवढं कौतुक करतोस आणि पुढं काय दिवे लावले. बरोबर आहे. नववा कप आला, छेत्रीनं पाच गोल मारले, बेस्ट प्लेअर तोच, आपण फिफा रँकिंगला शंभरच्या आत आलो, आणि सहा महिन्यांत कतारला एशियन कपमध्ये तीन मॅच, तीन हार, गोल शून्य. पुढं २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरकडनं २-१ हरलो आणि पुढचा एशियन कप पण हुकला. आणि वर कडी म्हणजे त्याच वर्षी नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशनं १-० नं हरवलं. गोल कुणाचा? मोरसालिनचा. तेच पोरगं. मी लगेच मामांना फोन लावला, तर त्यांनी आधीच बघितलेलं, म्हणाले, "ह्या वक्ताला न्हाई केली घाई."

म्हणून साडेतीन स्टार. टीम किती पाण्यात आहे हे मोजायला सॅफ घेऊ नका, त्यासाठी हा माल नाहीच. पण राष्ट्रीय टीम सिनेमाला जावं तसं सहज जाऊन बघता येणं, घरच्यांना घेऊन, आणि शेजारच्या देशांची पोरं रिकाम्या स्टेडियममध्ये जीव तोडून खेळताना बघणं, हे दुसरीकडं कुठं मिळतंय सांगा. एक स्टार ट्रॅकसाठी कापला, अर्धा समोशासाठी. तिकीट ॲपचे वेगळे कापणार होतो पण बायको म्हणाली त्यांच्यामुळंच मी आले, सोडून दे.

मामांना विचारलंय पुढच्या वेळी बाहेरच्या देशात असली तर येणार काय. काठमांडू असली तर चढ आहे म्हणे, गुडघ्याला झेपायचं नाही. ढाका असली तर येतो म्हणालेत, तिथं मासा चांगला मिळतो असं ऐकलंय त्यांनी, आणि त्या पोराला एकदा समोर बसून बघायचंय.